लक्ष्मीबाई टिळक आणि आपला रोजचा न्यायनिवाडा





माणूस सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत न्यायाधीशाचे काम करीत असतो. त्यासाठी त्याला ना पदवी लागते, ना कचेरी. द्वारकेच्या चौकात एखादा रिक्षावाला आडवा घुसला की त्याच्यासकट त्याच्या आईवडिलांच्या संस्कारांचाही निकाल आपण सिग्नल सुटायच्या आत लावून टाकतो. शेजारची सून रोज उशिरा घरी येते, कोणाचा मुलगा हल्ली मिस्साला दिसत नाही, कोणाच्या मुलीने घरच्यांना न विचारता लग्न केले, कोणी म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात ठेवले. प्रत्येक बाबतीत आपला निकाल तयार असतो. साक्षीपुरावे तपासायला मात्र आपल्याला सवड नसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की भल्याबुऱ्याचा निवाडा करणे हा माणसाचा स्वभावच आहे. पशूला भूक कळते, भय कळते. पण अमुक गोष्ट करायला नको होती, ही टोचणी माणसालाच लागते. तेव्हा निवाडा करूच नये असे कोणी म्हणत असेल तर ते माणसाला जमणारे नाही आणि ते बरेही नाही. अन्याय समोर दिसत असताना गप्प बसणाऱ्याला आपण सज्जन म्हणत नाही. प्रश्न असा आहे की हा निवाडा करायचा कसा? कोणापासून सुरुवात करायची? आणि निवाडा केल्यावर त्या माणसाशी आपले नाते काय उरते?

ग्रंथांत याची उत्तरे पुष्कळ आहेत. पण या रविवारी आम्ही आपल्यापुढे ग्रंथ न ठेवता एका बाईचे जीवन ठेवीत आहोत. ही बाई आपल्याच नाशिकची. तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक. त्या कॅथलिक नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्यांचे ख्रिस्ती जीवन गेले. पण मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने त्यांना आपली आजी मानावे अशी त्यांची योग्यता आहे.

सोवळ्यातले घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या गोदावरीकाठच्या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. घर चित्पावन ब्राह्मणाचे. त्यांच्या जन्माच्या आधीची एक घटना त्या घरावर सावली धरून होती. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना सरकारने फाशी दिले होते. या प्रसंगाचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा काही आघात झाला की पुढे सोवळ्याओवळ्याने त्यांना पछाडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. धान्य धुतले जाई हे आपण समजू शकतो. पण त्या घरात मीठसुद्धा धुतले जात असे!

पाण्यात घातल्यावर मीठ उरते किती, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. बायकामुलांचे किती हाल झाले असतील याची कल्पना करा. आपण काय म्हणू? माणूस विक्षिप्त होता, कर्मठ होता, जुलमी होता. एवढे म्हणून आपण पुढे जाऊ. लक्ष्मीबाईंनी उतारवयात वडिलांबद्दल लिहिले तेव्हा हा सारा जाच लपवला नाही. वडिलांना देवमाणूसही बनवले नाही. पण ते असे का झाले, हे त्यांनी आधी सांगितले. वाचणारा हसतो आणि हसता हसता त्या भेदरलेल्या माणसाची त्याला कीव येते.

इथे आपल्याला पहिला धडा मिळतो. आपल्या ख्रिस्तसभेची नीतिशिकवण सांगते की कोणतेही कृत्य जोखताना तीन गोष्टी पाहायच्या असतात: प्रत्यक्ष कृती कोणती, करणाऱ्याचा हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती. शिवाय भीती, अज्ञान, जुनी सवय आणि मनाचे आजार यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही ती सांगते. रोजच्या व्यवहारात आपण यातली पहिलीच गोष्ट पाहतो, कारण ती डोळ्यांना दिसते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी थोडे थांबावे लागते, चौकशी करावी लागते. लक्ष्मीबाईंनी वडिलांच्या बाबतीत ती केली. त्यामुळे चुकीला त्यांनी चूकच म्हटले, पण तिच्यामागचा घायाळ माणूसही त्यांना दिसला.

एका तापट कवीचा संसार

अकराव्या वर्षाच्या सुमारास मनकर्णिकेचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक, जन्म ६ डिसेंबर १८६१, गाव रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच त्यांनी घर सोडले होते. नाशिकला येऊन त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, मन लोण्यासारखे आणि राग मात्र क्षणात भडकणारा. एका ठिकाणी त्यांचे पाऊल ठरत नसे. आज ही नोकरी, उद्या ती. केव्हा घरातून निघून जातील याचा नेम नसे. हातात पैसा आला की समोर जो गरजू दिसेल त्याच्या ओंजळीत तो जायचा आणि घरी चूल पेटवायची चिंता बायकोने करायची. सुरुवातीची मुले लहानपणीच दगावली. अशा संसारात लक्ष्मीबाई वाढल्या आणि अक्षरओळखही त्यांना या नवऱ्यानेच करून दिली.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. जातिभेद, देव, माणसाचे कर्तव्य या ज्या प्रश्नांनी त्यांना कित्येक वर्षे झोपू दिले नव्हते, त्यांचे उत्तर त्यांना तिथे सापडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला.

त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. या निर्णयात त्यांना वाटा नव्हता. पदरी दत्तू नावाचा लहानगा मुलगा होता. ज्या घरात मीठ धुतले जात असे त्या घरची ही मुलगी, आणि नवरा बाटला! त्या काळच्या समाजात याचा अर्थ काय होता हे आज समजणे कठीण आहे. नवरा जिवंत असून ती त्याची राहिली नव्हती. दुःखाने त्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. नाशिक, जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. याच दिवसांत त्यांच्या तोंडून कविता येऊ लागली. ज्या बाईला धड लिहिता येत नव्हते तिच्या दुःखाने स्वतःची वाट शोधली.

टिळकांचा निवाडा कसा करायचा?

आम्ही धर्मगुरू आहोत. साहजिकच टिळकांच्या धर्मांतराकडे आम्ही कृतज्ञतेने पाहतो. सत्य पटल्यावर त्यासाठी घरदार, जात, मान यांवर पाणी सोडणारा माणूस आपल्याला मोठा वाटतो आणि तो मोठा होताच. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले आहे की सदसद्विवेकबुद्धीचा कौल डावलून वागणे हे नेहमीच चूक असते. आतून एक पटलेले असताना बाहेरून दुसरेच करीत राहिले असते तर टिळक टिळक उरले नसते.

पण प्रामाणिकपणे विचार केला तर दुसरी बाजूही आपल्याला पाहावी लागेल. माझ्या सदसद्विवेकबुद्धीची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत असेल तर? टिळकांनी आपली शांती मिळवली आणि लक्ष्मीबाईंची गेली. लहानग्या दत्तूला बापाची माया पारखी झाली. येशूच्या पाठीमागे जाताना कुटुंबात फूट पडेल हे शुभवर्तमानात सांगितलेले आहे हे खरे. परंतु त्या वचनाच्या आधारे पत्नीचे अश्रू हिशेबात धरायचेच नाहीत, असा अर्थ आम्हाला काढवत नाही. आपल्यापैकी जे लोक देवाच्या कामात, समाजाच्या कामात किंवा नुसत्या ऑफिसच्या कामात घर विसरतात, त्यांनी इथे क्षणभर थांबावे. धर्मगुरूंनीही थांबावे.

टिळकांची थोरवी आम्हाला त्यानंतरच्या वर्षांत अधिक दिसते. त्यांनी पत्नीला टाकले नाही. दुसरा संसार थाटला नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. सुमारे साडेचार वर्षांनी दोघे पुन्हा अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) एकत्र आले, तेव्हाही त्यांनी तिच्यावर आपला धर्म लादला नाही. तिची चूल वेगळी, पाणी वेगळे, देवधर्म वेगळा. एकाच छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात! तो तापट माणूस या एका बाबतीत धीराने वागला. जे आपल्याला पटले ते तिला तिच्या वेळी, तिच्या बुद्धीने पटू दे, एवढी मोकळीक त्याने तिला दिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जे सांगितले, की माणसाचे अंतःकरण हा त्याचा गाभारा आहे आणि तिथे तो एकटा देवासमोर उभा असतो, ते टिळकांनी पासष्ट वर्षे आधी आपल्या घरात पाळले होते.

स्वतःपासून सुरुवात

आता आपण लक्ष्मीबाईंच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाच्या वळणाशी येत आहोत. त्यांचे मन कसे पालटले? कोणी शास्त्रार्थ करून त्यांना हरवले नाही. कोणी चमत्कार दाखवला नाही. त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपण ज्याला विटाळ म्हणतो तो आला कोठून? जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असतील तर माणसामाणसांत तसा काही भेद दिसायला हवा होता. जन्म सर्वांचा सारखा, मरण सारखे, दुःख सारखे. मग ही भिंत बांधली कोणी?

हे प्रश्न आज आपल्याला सोपे वाटतील. पण ते कोणी विचारले याकडे पाहा. बाळपणापासून ज्या गोष्टीला पुण्य म्हणून शिकवले गेले, जिच्यासाठी मार खाल्ला, उपास काढले, नवऱ्यापासून दूर राहण्याचे दुःख सोसले, तीच गोष्ट तपासायला घेणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो आहोत तिलाच हात घालणे होय. माणसाच्या स्वभावात एक खोड आहे. ज्या गोष्टीसाठी आपण फार किंमत मोजली ती चुकीची होती हे मान्य करणे आपल्याला सर्वांत जड जाते. म्हणून वीस वर्षे धरलेला अबोला एकविसाव्या वर्षीही सुटत नाही. भावाशी बोलायला हरकत नसते, पण मग वीस वर्षे फुकट गेली हे कबूल करावे लागते!

लक्ष्मीबाईंनी ते कबूल केले. एकदा मनाशी खूण पटल्यावर त्यांनी खाण्यापिण्यातील भेद सोडला. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बायको असे त्यांना कोणी म्हणू शकणार नाही. त्या आपल्या पायांनी आल्या.

संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे पुन्हा एकदा वळू. सदसद्विवेकबुद्धीचे ऐकलेच पाहिजे, असे ते म्हणतात. पण ती चुकू शकते हेही ते सांगतात. म्हणून तिला वळण लावणे, शिक्षण देणे ही माणसाची जबाबदारी ठरते. माझे मन मला असे सांगते, एवढे म्हणून सुटका होत नाही. मनाला ते कोणी सांगितले, हेही पाहावे लागते. देवाने, की आजीने, की गल्लीने, की टीव्हीने? ज्या आवाजाला आपण अंतरात्मा म्हणतो तो कधी कधी जुन्या भीतीचाच आवाज असतो. जलालपूरच्या त्या वडिलांनाही वाटत असेल की आपण धर्माचरण करीत आहोत. मुलीने तो आवाज तपासला. वडिलांना ते जमले नाही.

प्रभू येशूने कुसळ आणि मुसळ यांचा दाखला दिला तो आपल्याला पाठ आहे. आपण त्याचा अर्थ असा घेतो की दुसऱ्याचे दोष काढू नयेत. पण प्रभूने एवढ्यावर थांबवलेले नाही. आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढले की भावाच्या डोळ्यातील कुसळ काढायला नीट दिसेल, असे त्यात पुढे आहे. म्हणजे भावाच्या डोळ्याची काळजी सोडायची नाही. क्रम तेवढा बदलायचा. लक्ष्मीबाईंनी तो क्रम पाळला.

हातांची परीक्षा

निवाडा खरा आहे की नुसता तोंडचा, हे हातांवरून कळते. अहमदनगरला प्लेगची साथ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली. त्या काळी प्लेग म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेले काहींना आठवत असेल. गावेच्या गावे माळावर झोपड्या बांधून राहत. पोटची माणसे रोग्याजवळ जायला धजत नसत. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, आपणही त्या भीतीचा थोडा अनुभव घेतला. अशा वेळी ज्यांच्या माहेरी मीठसुद्धा ओवळे ठरत होते, त्या लक्ष्मीबाईंनी परक्या लेकरांच्या अंगाला हात लावला. जातिभेद खोटा आहे हे त्यांनी सभेत ठरावाने मांडले नाही. हातांनी मांडले.

त्यांचे घरही तसेच झाले. आला गेला, अनाथ, विद्यार्थी, कवी, सर्वांना तिथे ताट मिळे. बालकवी म्हणून पुढे महाराष्ट्राला ज्यांची ओळख झाली ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे तरुणपणी टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. ठोंबरे हिंदूच राहिले आणि त्यामुळे त्यांच्या मायेत उणेपणा आला नाही. पुढे १९१८ मध्ये आगगाडीच्या अपघातात बालकवींचा अकाली अंत झाला, तेव्हा या माऊलीने जणू मुलगाच गमावला.

दुसऱ्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. एकोणचाळीस वर्षांचा संसार संपला. त्यापुढची सतरा वर्षे लक्ष्मीबाई वैधव्यात जगल्या. काही काळ कराचीला मुलाच्या कुटुंबासोबत राहिल्या आणि अखेर नाशिकला परतल्या. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. ते अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहून ते पुरे केले. नवऱ्याने ज्या बाईला अक्षरे गिरवायला शिकवले तिने त्याचे अपुरे काम तडीस नेले.

मुलगा देवदत्त म्हणजेच तो दत्तू. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून त्याने आईला आठवणी सांगण्याचा आग्रह केला. त्या आठवणींतून 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक तयार झाले. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झाले आणि शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये त्यांनी देह ठेवला. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आजही 'स्मृतिचित्रे' अग्रभागी मानले जाते. ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी ते मिळवून वाचावे असे आम्ही आग्रहाने सांगतो.

खरे सांगायचे आणि सोडायचे नाही

या पुस्तकाची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. नवऱ्याचा राग, त्याचे घर सोडून जाणे, पैशाची धूळधाण, धर्मांतराने दिलेले दुःख, यातले काहीच त्यांनी झाकले नाही. चांगल्या पत्नीने नवऱ्याच्या उणिवा बोलू नयेत, अशी त्या काळची समजूत होती. लक्ष्मीबाई बोलल्या. पण पुस्तक वाचून संपवल्यावर वाचकाला टिळकांचा तिटकारा येत नाही, उलट ते अधिक आवडू लागतात. हे कसे घडते?

आम्हाला वाटते, याचे कारण असे की त्यांनी कृत्याचा निवाडा केला, माणसाचा निकाल लावला नाही. या दोन गोष्टींत फरक आहे. अमुक दिवशी तो माझ्याशी वाईट वागला, हा निवाडा झाला. तो माणूसच वाईट, हा निकाल झाला. निवाड्यानंतर उद्याला जागा राहते. निकालानंतर राहत नाही. माणसाचा शेवटचा निकाल देवाने स्वतःकडे ठेवला आहे, कारण संपूर्ण माणूस फक्त त्यालाच दिसतो. आपल्याला दिसतो तो एक तुकडा, आणि तोही आपल्या खिडकीतून.

आणखी एक. लक्ष्मीबाईंनी स्वतःलाही सोडले नाही. स्वतःचा हट्ट, अज्ञान, फजिती, भाबडेपणा हे सारे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. जो माणूस स्वतःवर हसू शकतो त्याने दुसऱ्याचा दोष दाखवला तर तो लागत नाही. स्वतःला चौरंगावर बसवून जो बोलतो, त्याचे खरे बोलणेही टोचते.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने म्हटले होते की नीतीचा विचार भूमितीसारखा नसतो. भूमितीत नियम पाठ केला की उत्तर येते. जीवनात नियम लागतातच, पण या क्षणी, या माणसाशी, किती आणि कसे वागायचे हे ओळखायला मुरलेले शहाणपण लागते आणि ते सवयीने अंगी येते. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणींकडे हे शहाणपण होते. लक्ष्मीबाईंना ॲरिस्टॉटल वाचायची गरज पडली नाही.

आपल्या घरी, आपल्या धर्मग्रामात

आता हे सारे आपल्याशी जोडून पाहू या. आपल्या धर्मग्रामात निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे आहेत. कोणी पिढ्यान्‌पिढ्या नाशिकचे, कोणी नगर-संभाजीनगरकडून आलेले, कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी केरळ-तामिळनाडूचे. एकाच वेदीवरून आपण एकच भाकर घेतो. पण लग्न जमवायची वेळ आली की मूळची जात कोणती, ही चौकशी आजही दबक्या आवाजात होते. आपण मीठ धुवायचे सोडले असेल. पण मनात एक हंडा अजून भरलेला आहे. जातीचे ओझे उतरवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले सर्वस्व पणाला लावले. ते ओझे आपण ख्रिस्ती घरात परत आणून ठेवावे काय?

दुसरी गोष्ट घराघरांतील आहे. मुलाने वेगळ्या धर्मातील मुलीशी लग्न केले, मुलीने मिस्साला येणे सोडले, भावाने दुसऱ्या पंथाची वाट धरली. अशा वेळी आईवडील आमच्याकडे येतात. काहींनी त्या मुलाला दार बंद केलेले असते. त्यांचे दुःख खोटे नसते, त्यांची श्रद्धाही खोटी नसते. अशा आईवडिलांनी एकदा त्या दोन चुलींचे घर डोळ्यांसमोर आणावे. जे पटत नाही ते पटत नाही म्हणून सांगावे. पण दार उघडे ठेवावे, ताट वाढावे, पत्र पाठवावे, आजच्या काळात फोन करावा. नवऱ्याने धीर धरला म्हणून लक्ष्मीबाई स्वतःच्या बुद्धीने येऊ शकल्या. दार लावले असते तर त्या कोठून आत आल्या असत्या?

आम्ही हेही जाणतो की धीर धरला म्हणजे माणूस परत येतोच असे नाही. कित्येक आया वाट पाहत मिटल्या. अशा आईला आम्ही खोटे आश्वासन देणार नाही. पण उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप मुलगा येणार हे ठाऊक असल्यामुळे रस्त्याकडे पाहत नव्हता. तो बाप होता म्हणून पाहत होता.

तिसरी गोष्ट आपल्या जिभेची आहे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण थांबतो, एकमेकांची विचारपूस करतो. हे चांगले आहे आणि ते व्हावे. पण त्या पाच-दहा मिनिटांत गैरहजर माणसांचे किती निकाल लागतात हे ज्याने त्याने आठवून पाहावे. पुढच्या वेळी निकाल ओठांवर आला की तीन गोष्टी मनाला विचाराव्या. प्रत्यक्ष घडले काय, हे मला माहीत आहे का? त्यामागचा हेतू मला माहीत आहे का? त्या घरची परिस्थिती मला माहीत आहे का? तिन्हींचे उत्तर नाही असेल तर हवापाण्याच्या गप्पा माराव्या. नाशिकची हवा अजून बोलण्याजोगी आहे!

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे काढून पुढील प्रश्नांवर एकमेकांशी बोलावे, अशी विनंती आहे. आपल्या घरात कोणाचा निकाल आपण कायमचा लावून ठेवला आहे? आपल्या कोणत्या मतामागे श्रद्धा आहे आणि कोणत्या मतामागे नुसती जुनी भीती? आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याला या आठवड्यात फोन कोण करणार?

हे प्रभो, तू आम्हाला भले-बुरे ओळखण्याची बुद्धी दिली आहेस. तिला तुझ्या प्रकाशात वळण लाव. आमच्या डोळ्यांतील मुसळ आम्हाला दाखव आणि ते काढताना आमचा हात धर. ज्यांना आम्ही दार लावले त्यांच्यासाठी ते उघडण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.

आपला ख्रिस्तबंधू,
धर्मगुरू